घरच्या नॅससाठी हार्ड डिस्क कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनॉलॉजी, क्यूनॅप, असुस्टोर, टेरामास्टर, उग्रीन यांपैकी कुठलाही घरगुती नॅस (घरच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फाइल साठवणारी पेटी) घ्या, खोक्यात बहुतेक वेळा डिस्क नसते. ती आपण निवडायची असते, आणि दोन चांगल्या डिस्कची किंमत बघता बघता नॅसच्या किमतीपर्यंत जाते. घरच्या सगळ्यांचे फोटो, जमिनीचे कागद, मुलांचे व्हिडिओ पुढची पाच-सात वर्षं त्याच डिस्कवर राहणार असतात. इथली उत्तरं घरातला दोन किंवा चार डिस्कचा नॅस डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

वाचायला सुरुवात करण्याआधी एक खुलासा. ‘रेड-१’ (दोन डिस्कवर एकच माहिती), ‘रेड-५’ (तीन किंवा जास्त डिस्क, त्यांतली एक गेली तरी माहिती वाचते) या अनेक डिस्क एकत्र मांडायच्या पद्धती आहेत. ‘डब्ल्यूडी रेड’ हे वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कचं नाव आहे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

जुन्या पीसीची डिस्क घरात पडून आहे. ती नॅसमध्ये चालेल का?

बसेल आणि सुरूही होईल. साडेतीन इंची साटा (पीसीतल्या डिस्कची नेहमीची जोडणी) डिस्क असली की बहुतेक नॅस तिला ओळखतात. खरा प्रश्न आहे तो ती बिघडायला लागल्यावर कशी वागते याचा.

एखादा सेक्टर (डिस्कवरचा माहितीचा छोटा कप्पा) वाचता येईनासा झाला की डेस्कटॉपची डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून बघते. त्यात कधी अर्धा मिनिट जातो, कधी त्याहून जास्त. पीसीत हे योग्यच आहे, कारण तिथे माहितीची दुसरी प्रत नसते. नॅसमध्ये शेजारच्या डिस्कवर प्रत तयार असते. तिथे इतका वेळ उत्तर आलं नाही की नॅस समजतो डिस्क गेली, आणि तिला गटातून बाहेर काढतो. एका सेक्टरपायी अख्खी डिस्क बाद. नॅससाठी बनवलेली डिस्क साधारण सात सेकंदांत ‘हा भाग वाचता येत नाही’ असं कळवून मोकळी होते. मग नॅस तेवढा भाग दुसऱ्या डिस्कवरून घेतो आणि काम चालू राहतं. सीगेट या सोयीला ईआरसी म्हणते, वेस्टर्न डिजिटल टीएलईआर.

शिवाय नॅसची डिस्क चोवीस तास फिरत राहण्यासाठी आणि शेजारच्या डिस्कचे हादरे सोसण्यासाठी बनवलेली असते. डेस्कटॉपची डिस्क दिवसाला आठ-दहा तास चालेल असं धरून बनवतात. जुनी डिस्क नॅस शिकण्यासाठी, दोन-चार दिवस सेटिंग समजून घेण्यासाठी जरूर वापरा. घरचे फोटो तिच्या भरवशावर ठेवू नका.

सीएमआर आणि एसएमआर हा काय प्रकार आहे? सगळे त्याबद्दलच का बोलतात?

कारण नॅसची डिस्क निवडताना सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

सीएमआर डिस्कवर माहितीचे ट्रॅक एकमेकांशेजारी, स्वतंत्र असतात. एक ट्रॅक बदलला तरी शेजारच्याला धक्का लागत नाही. एसएमआरमध्ये जास्त माहिती मावावी म्हणून ट्रॅक कौलारू छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर त्यावरची कौलं उचलावी लागतात, तसंच इथेही होतं. थोडी माहिती बदलायची असली तरी डिस्कला पुढच्या ट्रॅकचा मोठा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. ते काम लपवायला डिस्क आधी एका राखीव सीएमआर भागात लिहिते आणि मोकळा वेळ मिळाला की आत हलवाहलव करते. म्हणून रोजच्या वापरात, अधूनमधून फोटो टाकताना, काहीच जाणवत नाही.

जाणवतं ते एक डिस्क गेल्यावर. नवी डिस्क घातली की नॅस तिच्यावर सगळी माहिती सलग लिहू लागतो. याला रीबिल्ड म्हणतात. राखीव भाग भरून जातो, डिस्कला उसंत मिळत नाही आणि वेग कोसळतो. २०२० मध्ये सर्व्ह-द-होम या संकेतस्थळाने ४ टीबीच्या डिस्क झेडएफएस या फाइल सिस्टिमवर तपासल्या. सीएमआर डिस्कचं काम एका दिवसाच्या आत उरकलं, एसएमआर डब्ल्यूडी रेडला नऊ दिवसांहून जास्त लागले. त्या नऊ दिवसांत तुमची माहिती एकाच प्रतीवर, सतत राबणाऱ्या जुन्या डिस्कवर असते. डिस्क घेताना याच दिवसांचा विचार करायचा असतो.

पण ती तर नॅससाठी म्हणूनच विकलेली डिस्क होती ना?

हो, आणि म्हणूनच एवढा गदारोळ झाला. एप्रिल २०२० मध्ये उघड झालं की डब्ल्यूडी रेडच्या २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलमध्ये एसएमआर वापरलं होतं आणि खोक्यावर किंवा माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नव्हता. त्यानंतर कंपनीने नावं वेगळी केली. नुसती ‘रेड’ म्हणजे एसएमआर, ‘रेड प्लस’ आणि ‘रेड प्रो’ म्हणजे सीएमआर. अमेरिकेत ग्राहकांनी दावेही लावले. आज डिस्क बनवणाऱ्या तिन्ही कंपन्या (सीगेट, वेस्टर्न डिजिटल, तोशिबा) कुठलं मॉडेल कोणत्या पद्धतीचं हे आपल्या संकेतस्थळांवर देतात. ते श्रेय त्या वेळी आपापल्या डिस्क तपासून बोलणाऱ्या वापरकर्त्यांचं आहे.

दुकानात डिस्क हातात घेतल्यावर नेमकं काय वाचायचं?

लोगो आणि रंग बाजूला ठेवा. लेबलवर ‘एमडीएल’ किंवा ‘मॉडेल’ असं लिहून पुढे जो अक्षरा-आकड्यांचा क्रमांक असतो तो वाचा. दुकानदार ‘४ टीबी डब्ल्यूडी’ म्हणेल, पण त्या नावाखाली निदान चार वेगळ्या जातीच्या डिस्क असतात.

वेस्टर्न डिजिटलचं उदाहरण घ्या. डब्ल्यूडी४०ईएफआरएक्स ही जुनी, सीएमआर. डब्ल्यूडी४०ईएफएएक्स ही वादात सापडलेली, एसएमआर. डब्ल्यूडी४०ईएफझेडएक्स आणि डब्ल्यूडी४०ईएफपीएक्स या रेड प्लस, सीएमआर. पहिला आकडा क्षमतेचा, आणि सगळा फरक शेवटच्या चार अक्षरांत. जुना साठा अजूनही काही दुकानांत आणि ऑनलाइन विक्रेत्यांकडे फिरत असतो, म्हणून ही अक्षरं पाठ नसली तरी फोनमध्ये लिहून ठेवा.

सीगेटमध्ये ‘एसटी’नंतर क्षमता येते आणि मग दोन अक्षरं. व्हीएन म्हणजे आयर्नवुल्फ, नॅससाठी. व्हीएक्स म्हणजे स्कायहॉक, सीसीटीव्हीसाठी. डीएम म्हणजे बॅराकुडा, डेस्कटॉपसाठी. तिच्यातली एसटी४०००डीएम००४ आणि एसटी८०००डीएम००४ ही दोन्ही मॉडेलं एसएमआर आहेत. तोशिबात एन३०० हे नाव बघा. पी३०० ही डेस्कटॉपची मालिका, तिच्यातल्या ४ आणि ६ टीबीच्या डिस्क एसएमआर.

लेबलवर तयार झाल्याची तारीखही असते. दीड-दोन वर्षं जुनी डिस्क ‘नवी’ म्हणून मिळत असेल तर वॉरंटीचे दिवस कुठून मोजले जातात ते कंपनीच्या पानावर सिरियल नंबर टाकून तिथेच बघा. काउंटरवर उभं राहून दोन मिनिटांत होतं.

नॅस कंपनीची कंपॅटिबिलिटी लिस्ट किती गांभीर्याने घ्यायची?

आधी ती, म्हणजे कंपनीने तपासून पास केलेल्या डिस्कची, यादी उघडा, आपल्या नॅसचं मॉडेल निवडा आणि डिस्कचा पूर्ण क्रमांक शोधा. यादीत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर दोन शक्यता असतात: ती डिस्क तपासलेलीच नाही, किंवा तपासून नापास झाली. काही कंपन्या नापास डिस्कची यादी वेगळी देतात. तिच्यात नाव असलेली डिस्क कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

बहुतेक कंपन्यांसाठी ही यादी शिफारशीसारखी आहे. यादीबाहेरची सीएमआर नॅस डिस्क सहसा विनातक्रार चालते. फक्त अडचण आल्यावर कंपनीचा माणूस पहिल्यांदा यादीकडे बोट दाखवेल, हे धरून चला.

सिनॉलॉजीत त्यांच्याच डिस्क लागतात असं ऐकलं. खरं का?

काही महिने तसं होतं. एप्रिल २०२५ मध्ये सिनॉलॉजीने जाहीर केलं की त्या वर्षीच्या प्लस मालिकेतल्या नव्या नॅसमध्ये त्यांच्या स्वतःच्या किंवा त्यांनी प्रमाणित केलेल्या डिस्कच पूर्णपणे चालतील. सिनॉलॉजी डिस्क स्वतः बनवत नाही. जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. दुसऱ्याने बनवलेल्या डिस्कवर आपलं नाव लावून ग्राहकाला बांधून घेणं लोकांना पटलं नाही, आणि ते पटण्यासारखं नव्हतंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या डीएसएम (सिनॉलॉजी नॅसची ऑपरेटिंग सिस्टिम) ७.३ पासून ही अट साडेतीन इंची हार्ड डिस्क आणि अडीच इंची साटा एसएसडीसाठी मागे घेतली गेली.

तेव्हा २०२५ चं प्लस मॉडेल घेतलं असेल तर आधी डीएसएम अद्ययावत करा, मग डिस्क घाला. एम.२ (छोट्या पट्टीसारख्या) एसएसडीवर माहिती साठवायची असेल तर मात्र यादी अजूनही नीट बघावी लागते.

आयर्नवुल्फ, रेड प्लस की एन३००?

तिन्ही चांगल्या. तिन्ही सीएमआर, आठ डिस्कपर्यंतच्या नॅससाठी, वर्षाला १८० टीबी कामाच्या हिशेबाने बनवलेल्या आणि तीन वर्षांच्या वॉरंटीच्या. अमुक कंपनीची डिस्क लवकर जाते अशी मतं तुम्हाला प्रत्येकाकडून ऐकायला मिळतील, आणि प्रत्येकाच्या यादीत कंपनी वेगळी असेल. माझं मत विचाराल तर जिची वॉरंटी तुमच्या शहरात सहज वापरता येईल ती घ्या. नॅस झोपायच्या किंवा बसायच्या खोलीत राहणार असेल तर ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेरे फिरणारी) घ्या. ४ टीबीच्या आसपास ती सहज मिळते. १० टीबीच्या पुढे बहुतेक डिस्क ७२०० आरपीएमच्या असतात, आणि रात्री शांत घरात त्यांची करकर ऐकू येते. वेगाची चिंता नको. घरच्या गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मर्यादा येते आणि ५४०० ची डिस्क तेवढं आरामात देते.

प्रो मॉडेलला जास्त पैसे द्यावेत का?

प्रोमध्ये वॉरंटी पाच वर्षांची आणि कामाची क्षमता मोठी, आजच्या मॉडेलमध्ये वर्षाला ५५० टीबीपर्यंत. पण साध्या डिस्कची वर्षाची १८० टीबी म्हणजेच दिवसाला जवळपास ४९० जीबी होतात. चार माणसांचं कुटुंब फोटो, व्हिडिओ आणि लॅपटॉपचे बॅकअप धरूनही तिथपर्यंत पोचत नाही. लग्नाचं चित्रीकरण करणारे, रोज फोर-के फुटेज संपादित करणारे यांनी प्रो घ्यावी. बाकीच्यांनी तो फरक बाहेरच्या बॅकअप डिस्कवर खर्च करावा. दोन वर्षांच्या जादा वॉरंटीचं मोल मात्र खरं आहे. किमतीतला फरक थोडा असेल तर प्रो घ्यायला हरकत नाही.

दुकानदार म्हणतो डब्ल्यूडी पर्पल किंवा स्कायहॉक घ्या, तीही चोवीस तास चालते.

आपल्याकडे सीसीटीव्हीचा धंदा मोठा, त्यामुळे या डिस्क प्रत्येक दुकानात असतात आणि नॅसच्या डिस्क मागवाव्या लागतात. दुकानदार खोटं बोलत नाही. त्या चोवीस तास चालतात, आणि नॅसमध्ये घातल्या तर चालतीलही. पण त्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण सलग लिहिण्यासाठी जमवलेल्या असतात. तिथे एखादी फ्रेम गेली तरी चालतं, लिहिणं थांबता कामा नये. तुमच्या फोटोच्या फाइलमधला एक तुकडा गेलेला चालत नाही. नॅसमध्ये कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगच मुख्य असेल तर जरूर घ्या. नाहीतर दोन दिवस थांबा आणि नॅसची डिस्क मागवा.

किती टीबीची घेऊ? आणि ४ टीबीची डिस्क ३.६ का दाखवते?

दुसरं आधी. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते, नॅस १०२४ च्या पटीत मोजतो. ४ टीबी त्या मोजणीत ३.६४ भरतात. काही गेलेलं नसतं.

आता क्षमता. घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपमधला आजचा साठा मोजा आणि त्याच्या तिप्पट जागा धरा. फोनचे कॅमेरे दर दोन वर्षांनी फाइल मोठ्या करतात, आणि नॅस आला की घरातले सगळेच त्यावर टाकू लागतात. दोन डिस्कच्या नॅसमध्ये रेड-१ लावलं की एका डिस्कएवढीच जागा मिळते हे विसरू नका. बहुतेक घरांना दोन ४ टीबी पुरतात. व्हिडिओ खूप असतील तर दोन ८ टीबी. १६-२० टीबीच्या डिस्कचा प्रति टीबी दर मोहात पाडतो, पण तेवढ्या माहितीचा बॅकअप ठेवायला तेवढीच आणखी एक डिस्क लागते.

वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क एकत्र चालतात का?

चालतात, पण साध्या रेडमध्ये सगळ्यात लहान डिस्कच्या मापाने सगळं कापलं जातं. ४, ८ आणि ८ टीबीच्या तीन डिस्क रेड-५ मध्ये घातल्या तर प्रत्येकीचे ४ टीबीच वापरले जातात आणि जागा मिळते ८ टीबी. सिनॉलॉजीच्या एसएचआर या स्वतःच्या मांडणीत त्याच तीन डिस्कवर १२ टीबी मिळतात. टेरामास्टरचं टीरेडही याच धाटणीचं. आज एक आकार, पुढच्या वर्षी बोनस आल्यावर दुसरा आकार, असं ज्यांना टप्प्याटप्प्याने वाढवायचं आहे त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. दोनच डिस्क असतील तर मात्र एसएचआरमध्येही लहान डिस्कएवढीच जागा मिळते.

कंपन्या वेगळ्या असल्या तरी हरकत नाही. उलट दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून, लागोपाठच्या सिरियल नंबरच्या घेऊ नका. एका लॉटमध्ये दोष असेल तर तो दोघींत असतो, आणि त्या जवळपास एकाच वेळी जाऊ शकतात. एक डिस्क एका विक्रेत्याकडून, दुसरी दुसऱ्याकडून घ्या.

नॅस सात-आठ वर्षं जुना आहे. मोठी डिस्क घेईल का?

इथे यादी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ३२ बिट प्रोसेसरच्या सिनॉलॉजी मॉडेलमध्ये, उदाहरणार्थ डीएस२१८जे, एक व्हॉल्यूम (साठवणीचा एक सलग भाग) १६ टीबीपेक्षा मोठा होत नाही. दुसरी अडचण सेक्टरच्या आकाराची. घरगुती नॅसला सहसा ५१२ई प्रकारची (५१२ बाइटचे सेक्टर दाखवणारी) डिस्क लागते. ऑफिस किंवा डेटा सेंटरमधून निघालेल्या काही डिस्क ४केएन (थेट ४ केबीच्या सेक्टरच्या) असतात, आणि सिनॉलॉजीत त्या ५१२ई डिस्कबरोबर एका गटात घालता येत नाहीत. तशाच निघालेल्या एसएएस (सर्व्हरच्या जोडणीच्या) डिस्क तर साटाच्या जागेत बसतच नाहीत, कनेक्टरच वेगळा असतो. स्वस्त मिळते म्हणून सेकंडहँड डिस्क घेताना ‘४केएन’ आणि ‘एसएएस’ हे दोन शब्द आधी विचारा.

तिसरी अडचण छोटी आहे, पण सुट्टीच्या दिवशी अडकवते. मोठ्या क्षमतेच्या अनेक डिस्कमध्ये बाजूचं मधलं स्क्रूचं छिद्र नसतं. ज्या ट्रेमध्ये प्लास्टिकच्या पट्टीची खुंटी नेमकी त्या छिद्रात जाते, तिथे डिस्क ढिली राहते. अशा वेळी ट्रेच्या तळातून स्क्रूने आवळा. स्क्रू नॅसच्या खोक्यातल्या छोट्या पिशवीत असतात. त्या पिशव्या फेकू नका.

एक्स्टर्नल डिस्क स्वस्त आहे. ती फोडून आतली डिस्क घालू का?

अमेरिकेत हे सर्रास करतात, कारण तिथे सेलमध्ये फरक मोठा पडतो. आपल्याकडे तो फरक बऱ्याचदा उरत नाही आणि वॉरंटीचा वाद गळ्यात येतो. आत कोणती डिस्क निघेल याची खात्री नसते. छोट्या, अडीच इंची पोर्टेबल डिस्कपैकी अनेकींमध्ये यूएसबीचा कनेक्टर डिस्कच्याच बोर्डवर असतो, साटा नसतोच. आणि त्या बहुतेक एसएमआर असतात. साडेतीन इंचीमध्ये काही वेळा ३.३ व्होल्टच्या पिनेमुळे डिस्क फिरतच नाही. ती अडचण मुख्यतः पीसीच्या पॉवर सप्लायवर येते, पण स्वतः जुळवलेला नॅस असेल तर लक्षात ठेवा. माझा सल्ला: एक्स्टर्नल डिस्क एक्स्टर्नलच ठेवा, बॅकअपसाठी तिची गरज पडणारच आहे.

अमेरिकेतून भाऊ येतोय. त्याच्याकडून मागवू का?

डिस्क स्वस्त मिळेल. पण वॉरंटी बहुधा जिथे विकली त्या प्रदेशापुरती असते. ती बिघडली तर पुन्हा कुणीतरी तिकडे जाणारं शोधावं लागेल. मागवायचीच असेल तर हाताच्या बॅगेत, मूळ पॅकिंगमध्ये आणायला सांगा.

इथे घेताना, लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर ऑनलाइन, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. ‘बिलाशिवाय पाचशे कमी’ हा सौदा डिस्कच्या बाबतीत महाग पडतो. आणखी एक: वॉरंटीत दिलेली डिस्क परत मिळत नाही, बदली मिळते, आणि तीही अनेकदा दुरुस्त करून पुन्हा प्रमाणित केलेली असते. तुमचे फोटो असलेली डिस्क अनोळखी हातात जाणार, म्हणून नॅस लावतानाच फोल्डर किंवा व्हॉल्यूम एन्क्रिप्ट करायचा विचार करा.

डिस्क खरोखर नवी आहे हे कसं कळेल?

२०२५ च्या सुरुवातीला जर्मनीतल्या हाइझे या प्रकाशनाने दाखवून दिलं की सीगेटच्या वापरलेल्या डिस्क, त्यातल्या बऱ्याच हजारो तास चाललेल्या, स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींचे) आकडे शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्या जात होत्या. म्हणून ‘पॉवर-ऑन तास’ शून्य दिसले एवढ्यावर थांबू नका. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते. स्मार्टसीटीएल या मोफत साधनाच्या ७.४ आवृत्तीपासून ती वाचता येते. दोन्ही ठिकाणचे तास जुळले पाहिजेत. कडांवर स्क्रूचे ओरखडे, कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर घासल्याच्या रेषा, पुन्हा चिकटवल्यासारखं लेबल, हे डोळ्यांनीही दिसतं.

ऑनलाइन मागवलेलं खोकं उघडताना व्हिडिओ काढा. मोठ्या खोक्यात डिस्क नुसत्या पिशवीत सुटी खडखडत आली असेल तर सुरू करून न बघता परत पाठवा.

घालण्याआधी तपासणी काय करायची?

नॅसमध्ये बसवा आणि माहिती टाकण्याआधी स्मार्टची विस्तारित चाचणी लावा. मोठ्या डिस्कला रात्रभर किंवा त्याहून जास्त लागतं, लागू द्या. नंतर चार आकडे बघा: रीअलोकेटेड सेक्टर, पेंडिंग सेक्टर, अनकरेक्टेबल सेक्टर आणि तापमान. पहिले तीन शून्यच हवेत. नव्या डिस्कवर एकही सेक्टर बदललेला दिसला तर परत करा, ‘एकच आहे’ म्हणून ठेवू नका. सीआरसी एरर (डिस्क आणि नॅसमधल्या देवाणघेवाणीतल्या चुका) वाढत असतील तर दोष बहुधा डिस्कचा नसून जोडणीचा असतो. ट्रे काढून पुन्हा नीट बसवा. सीगेटमध्ये ‘रॉ रीड एरर रेट’ला कोट्यवधीचा आकडा दिसतो. ती त्यांची लिहायची पद्धत आहे, घाबरू नका. पुढे महिन्यातून एकदा ही चाचणी आपोआप होईल असं वेळापत्रक लावून ठेवा.

नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात डिस्क टिकतील का?

टिकतात, जागा नीट निवडली तर. डिस्कची कमाल मर्यादा मॉडेलप्रमाणे ६० ते ७० अंशांची असते, पण तिथपर्यंत नेऊ नये. ४५ च्या आत असेल तर उत्तम, ५० च्या वर सतत राहत असेल तर उपाय करा. नॅसच्या आतलं तापमान खोलीपेक्षा दहा-बारा अंशांनी सहज जास्त असतं. मे महिन्यात बंद खोली ४० वर गेली की हिशेब लगेच लागतो. टीव्हीच्या बंद कपाटात, फ्रिजवर, पश्चिमेच्या भिंतीला नॅस नको. पंख्याचं सेटिंग ‘शांत’वरून ‘थंड’वर करा. गरम प्रदेशात ५४०० आरपीएमची डिस्क घ्यायला हे आणखी एक कारण. लोखंडी कपाटावर ठेवलात तर हादरे आणि आवाज दोन्ही वाढतात. खाली जाड रबराचा तुकडा घाला. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवा.

विजेचं म्हणाल तर दोन डिस्कचा नॅस साधारण २० वॉट घेतो असं धरलं तर महिन्याला १४-१५ युनिट होतात. पण बिलापेक्षा वीज अचानक जाणं जास्त घातक. लिहीत असताना डिस्क बंद पडली तर फाइल सिस्टिम बिघडू शकते. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण ‘यूपीएस मोड’वर ठेवा, म्हणजे बदल लवकर होतो. तरीही इन्व्हर्टर नॅसला ‘बॅटरी संपत आली’ असं सांगू शकत नाही. यूएसबीने नॅसला जोडता येणारा छोटा यूपीएस घेतला तर नॅस स्वतःहून नीट बंद होतो. डिस्कचं बजेट ठरवतानाच त्याचे पैसे बाजूला काढा.

हार्ड डिस्कऐवजी एसएसडी?

आवाज नाही, उष्णता कमी, पण त्याच पैशात जागा खूपच कमी. एक-दोन टीबीत भागत असेल आणि नॅस झोपायच्या खोलीतच ठेवायचा असेल तर विचार करा. फक्त फोटो-व्हिडिओसाठी हार्ड डिस्कच बरी.

एक डिस्क गेली. आता?

आधी बॅकअप ताजा आहे का ते बघा, आणि नसेल तर सगळ्यात महत्त्वाचे फोल्डर लगेच बाहेर काढा. मग कोणत्या खणातली डिस्क गेली ते नॅसच्या स्क्रीनवर सिरियल नंबरसकट वाचा आणि ट्रेवरच्या लेबलशी ताडून पाहा. घाईत चांगली डिस्क ओढून काढल्याने होणारं नुकसान भरून येत नाही. नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी आणि सीएमआर हवी. लहान असली तर नॅस ती घेत नाही. ८ टीबीच्या रीबिल्डला सगळं सुरळीत असताना बारा-पंधरा तास लागतात. त्या काळात नॅसवर सिनेमा लावू नका, मोठ्या फाइल टाकू नका.

दोन डिस्कवर दोन प्रती आहेत. मग वेगळा बॅकअप कशाला?

कारण रेड फक्त डिस्क बिघडण्यापासून वाचवतं. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप नॅस कुलूपबंद केले. जून २०२१ मध्ये जगभरातले अनेक डब्ल्यूडी माय बुक लाइव्ह हे नॅस बाहेरून रिसेट होऊन रिकामे झाले. अशा वेळी दोन काय, चार डिस्क असल्या तरी उपयोग नाही. एक एक्स्टर्नल डिस्क घ्या, आठवड्यातून एकदा जोडा, बॅकअप झाला की काढून ठेवा. शक्य असेल तर दुसरी एक प्रत दुसऱ्या घरी, गावी किंवा बहिणीकडे ठेवा. एक्स्टर्नलमध्ये एसएमआर असली तरी इथे बिघडत नाही.

पुढे नॅस बदलला तर याच डिस्क नव्यात चालतील का?

सिनॉलॉजीमधून नव्या सिनॉलॉजीत सहसा डिस्क त्याच क्रमाने हलवता येतात आणि माहिती तशीच राहते. आधी त्यांच्या मायग्रेशनच्या पानावर दोन्ही मॉडेलं बघा. क्यूनॅपमधून क्यूनॅपमध्येही तशी सोय आहे. एका कंपनीच्या नॅसमधून दुसऱ्या कंपनीच्या नॅसमध्ये डिस्क घातली तर मात्र नवा नॅस ती पुसून नव्याने मांडायला सांगतो. तेव्हा आधी बाहेरच्या डिस्कवर पूर्ण प्रत काढा, ती उघडून दोन-चार फाइल तपासा, आणि मगच जुन्या ट्रेला हात लावा.